सहा दिवसांत पाच सामने: सवानीचा 1899 चा हंगाम शक्य कसा झाला

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या सवानी नावाच्या छोट्याशा कॉलेजने 1899 साली अमेरिकन फुटबॉलचे पाच सामने सहा दिवसांत, पाच वेगवेगळ्या शहरांत आणि एकही गुण न देता जिंकले, हे खरं आहे का? खरं असेल तर शरीराला ते झेपलं कसं? आणि आजच्या संघांशी त्याची तुलना करता येते का?

खरं आहे. तारखा आणि गुण दोन्ही नोंदलेले आहेत. पण तो सगळा हंगाम बारा सामन्यांचा होता, आणि तो पूर्ण पाहिल्याशिवाय या पाच सामन्यांचं मोल कळत नाही. माझं मत आधीच सांगतो: सहा दिवसांचा दौरा हे मोठं कर्तृत्व आहेच, पण ते निम्मं खेळाडूंचं आणि निम्मं मॅनेजरचं आहे. संघाची खरी कसोटी त्यानंतर दोन आठवड्यांनी, माँटगोमरीत लागली. तिच्याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही.

हा पूर्ण हंगाम:

21 ऑक्टोबर, अटलांटा: जॉर्जिया 12–0
23 ऑक्टोबर, अटलांटा: जॉर्जिया टेक 32–0
28 ऑक्टोबर, सवानी: टेनेसी 46–0
3 नोव्हेंबर, सवानी: साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन 54–0
9 नोव्हेंबर, ऑस्टिन: टेक्सस 12–0
10 नोव्हेंबर, ह्यूस्टन: टेक्सस ए अँड एम 10–0
11 नोव्हेंबर, न्यू ऑर्लिन्स: ट्युलेन 23–0
13 नोव्हेंबर, बॅटन रूज: एलएसयू (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 34–0
14 नोव्हेंबर, मेम्फिस: मिसिसिपी 12–0
20 नोव्हेंबर, सवानी: कंबरलंड 71–0
30 नोव्हेंबर, माँटगोमरी: ऑबर्न 11–10
2 डिसेंबर, अटलांटा: नॉर्थ कॅरोलायना 5–0

बेरीज केली तर 322 विरुद्ध 10. बारापैकी अकरा सामन्यांत समोरच्याची पाटी कोरी राहिली. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत फक्त 43 दिवस. म्हणजे सरासरी साडेतीन दिवसांना एक सामना पडतो. आजचे कॉलेज संघ इतकेच सामने सुमारे तीन महिन्यांत, आठवड्याला एक या हिशेबाने खेळतात.

सवानी म्हणजे टेनेसी राज्यात, कंबरलंड पठारावर वसलेलं गाव. तिथल्या एपिस्कोपल चर्चच्या विद्यापीठाचं अधिकृत नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ, पण गावाचंच नाव त्याला चिकटलं. उंची साधारण आपल्या पुण्याइतकी, आजूबाजूला जंगल, आणि कुठल्याही मोठ्या शहरापासून दूर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण दौरा निघाला तो याच अडचणीतून.

आधी खेळ समजून घेऊ. आज टीव्हीवर दिसणारा अमेरिकन फुटबॉल डोळ्यांपुढे ठेवून 1899 चे आकडे वाचले तर चुकीचं चित्र उभं राहतं. तेव्हाचा खेळ रग्बीच्या जास्त जवळचा होता. मैदान 110 यार्ड लांब, म्हणजे जवळजवळ 100 मीटर. चेंडू पुढे फेकायची परवानगीच नव्हती. ती 1906 साली आली. चेंडू पुढे न्यायचा तो हातात धरून किंवा लाथेने. तीन प्रयत्नांत पाच यार्ड, म्हणजे जेमतेम साडेचार मीटर, पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. आजचे चार प्रयत्न 1912 साली आले.

पाच यार्डांची अट ऐकायला सोपी वाटते, पण सगळ्या खेळाचं रूप तिनेच ठरवलं. पाच यार्डांसाठी कोणी लांबची धाव घेत नाही. चेंडूवाल्याच्या मागेपुढे सात-आठ जण गच्च उभे करायचे आणि तो जमाव समोरच्या रांगेवर एका ठिकाणी आदळवायचा, हा सरळ मार्ग. आपल्याच गड्याला मागून ढकलणं किंवा पुढून ओढणं नियमात बसत होतं. चेंडूवाला पडला तरी प्रयत्न संपत नसे. तो सरपटत, उठत पुढे जाऊ शकत असे. त्याने स्वतः ‘डाउन’ असं ओरडेपर्यंत किंवा त्याला पूर्ण जखडेपर्यंत झोंबाझोंबी चालूच. कबड्डीत पकडलेला चढाईपटू हात लांब करून मध्यरेषा गाठायची धडपड करतो आणि त्याच्यावर पाच जण पडलेले असतात, ते दृश्य आठवा. तसं दृश्य या खेळात एका सामन्यात अनेक वेळा घडत असे, आणि इथे दोन्ही बाजूंचे गडी त्या ढिगात असत.

क्वार्टरबॅक या शब्दानेही फसू नका. तेव्हाचा क्वार्टरबॅक चेंडू फेकणारा नायक नव्हता. मधल्या गड्याकडून चेंडू घ्यायचा आणि तो मागच्या धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, हे त्याचं काम. स्वतः तो चेंडू घेऊन रेषेपलीकडे धावू शकत नव्हता. सवानीत हे काम विल्सनकडे होतं. डावपेच पुकारणंही मैदानावरच चालायचं. बाहेरून प्रशिक्षकाने सूचना द्यायच्या नाहीत असा त्या काळचा दंडक होता.

वेळ: नियमाप्रमाणे 35 मिनिटांचे दोन भाग, एकूण 70 मिनिटं. दोन्ही कॅप्टन आपसात ठरवून ती कमी करू शकत, आणि नोव्हेंबरात लवकर अंधार पडत असल्याने तसं होतही असे. तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. आणि सगळ्यात कठोर नियम बदलीचा होता. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. म्हणून डोकं फुटलं, बोट मोडलं, गुडघा मुरगळला तरी गडी मैदान सोडायला तयार नसे. टेक्ससविरुद्ध सवानीचा कॅप्टन हेन्री सीबल्स डोक्याला खोक पडलेली असताना खेळत राहिला, त्यामागे जिद्द होतीच, पण हा नियमही होता.

संरक्षक साहित्य नावापुरतं. जाड कॅनव्हासचं जॅकेट, मांड्यांवर कापूस भरलेली विजार, नडगीवर पट्ट्या, तळाला चामड्याचे तुकडे ठोकलेले बूट. नाकासाठी रबराचं कवच मिळायचं. हेल्मेट बहुतेकांकडे नसे. डोक्याला मार कमी लागावा म्हणून केस वाढवायची पद्धत होती.

आता गुण. 1899 साली टचडाउनला (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) 5, त्यानंतरच्या यशस्वी किकला 1, मैदानातून मारलेल्या गोललाही 5 आणि सेफ्टीला (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवण्याला) 2 गुण होते. टचडाउनचे 6 गुण 1912 पासून झाले. हे कोष्टक हाताशी असलं की जुना धावफलक बोलायला लागतो. ए अँड एमविरुद्धचे 10 म्हणजे सरळ हिशेबाने दोनदा पाच, किकचा एकही गुण नाही. ट्युलेनविरुद्धचे 23 म्हणजे चार टचडाउन आणि तीन किक. एलएसयूविरुद्धचे 34 म्हणजे सहा टचडाउन आणि चार किक.

किक हुकायचं प्रमाण इतकं का? कारण ती आजच्यासारखी खांबांसमोरून मारायची नसे. टचडाउन जिथे झालं त्या ठिकाणापासून सरळ रेषेत चेंडू मैदानात मागे आणायचा आणि तिथून मारायची. कोपऱ्यात टचडाउन झालं तर कोन इतका तिरपा की दोन खांबांमधली साडेअठरा फुटांची जागा निम्मीसुद्धा दिसत नाही. त्यात चेंडू आजच्यापेक्षा गोलसर आणि फुगीर. म्हणून हुशार संघ टचडाउन करतानाच शक्य तितकं मधोमध सरकायचा प्रयत्न करत. ऑबर्नच्या सामन्यात या एका गुणाची किंमत दिसते, त्याकडे येऊच.

आणखी एक नियम, जो माहीत नसल्यामुळे 71–0 सारखे निकाल अविश्वसनीय वाटतात. ज्याच्यावर टचडाउन झालं तोच संघ पुन्हा मध्यातून किक मारून खेळ सुरू करायचा. म्हणजे गुण केलेल्या संघालाच चेंडू परत मिळायचा! कमकुवत संघाच्या हाती चेंडू लागायचा तो समोरच्याच्या हातून चेंडू सुटला, त्याला तीन प्रयत्नांत पाच यार्ड जमले नाहीत किंवा त्याने किक मारली तरच. एकदा गाडं घसरलं की सावरायला जागा नाही. याच कंबरलंडवर 1916 साली जॉर्जिया टेकने 222–0 असा विजय मिळवला, आणि त्या दिवशी जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन. हेच हाइझमन 1899 च्या हंगामात ऑबर्नच्या बाजूने समोर येणार आहेत.

सवानीने इतके शून्य कसे राखले? गच्च रांगेपुढे पाच यार्ड काढणं बचावाला त्या मानाने सोपं होतं, आणि त्याहून मोठं हत्यार होतं पंट, म्हणजे हातातला चेंडू सोडून लांब मारलेली लाथ. त्या काळी जाणता संघ तिसऱ्या प्रयत्नाची वाट पाहत बसत नसे. आपल्या गोलजवळ अडकला की पहिल्याच प्रयत्नात पंट मारून मोकळा होई. चाळीस यार्ड जमीन एका लाथेत मिळते, आणि समोरच्याला तीच जमीन पाच-पाच यार्डांनी खणत परत यावं लागतं. शिवाय पंट मारणारा स्वतः ऑनसाइड धरला जाई, म्हणजे तो धावत जाऊन चेंडू परत मिळवू शकत असे. त्यामुळे पंट झेलणाऱ्यावर सतत दडपण. सवानीचा फुलबॅक (मागच्या फळीतला गडी) ऑर्मंड सिम्किन्स पंटमध्ये दक्षिणेत नावाजलेला होता. दमलेल्या संघासाठी चांगला पंटर म्हणजे फुकटची विश्रांती: आपण एकदा मारायचं आणि समोरच्याला धावायला लावायचं. पाच सामन्यांचा दौरा निभावला त्याचं मैदानावरचं मोठं कारण माझ्या मते हेच.

आता दौरा. तो पराक्रम गाजवायला नव्हे, पैशासाठी निघाला. सवानीचा हक्काचा मोठा सामना व्हँडरबिल्टशी, नॅशव्हिलमध्ये, आणि वर्षाचा खर्च त्याच्या तिकीटविक्रीवर निघायचा. त्या वर्षी गेटच्या वाटणीवरून दोन्ही कॉलेजांचं बिनसलं आणि सामना रद्द झाला. पठारावरच्या गावात सामना ठेवून गर्दी जमणार नाही. मग पैसा जिथे आहे तिथे जाणं आलं. संघाचा मॅनेजर ल्यूक ली हा 20 वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने पत्रं आणि तारा पाठवून पाच सामने जुळवले. (हाच ली पुढे टेनेसीतून अमेरिकेचा सिनेटर झाला.)

यजमान संघ पाहुण्यांना ठरावीक हमीची रक्कम किंवा गेटचा वाटा देत. खर्चात रेल्वेभाडं सगळ्यात मोठं आणि रोजचं जेवण-राहणं त्याखालोखाल. प्रत्येक मोकळा दिवस म्हणजे 21 जणांच्या संघाचा खर्च चालू आणि उत्पन्न शून्य. म्हणून सामने एकमेकांना चिकटवले. नकाशा काढून बघा: सवानीहून थेट सगळ्यात लांबच्या ऑस्टिनला जायचं आणि परतीच्या वाटेवर एकेक सामना घेत घराकडे यायचं. लांबचा टप्पा ताज्या अंगाने आधी उरकायचा आणि थकवा वाढत जाईल तसं घर जवळ यायचं, ही मांडणी अचूक होती. पाचपैकी दोन सामने तर समोरच्या कॉलेजच्या गावात झालेच नाहीत. ए अँड एमशी ह्यूस्टनला, मिसिसिपीशी मेम्फिसला, कारण ही रेल्वेची मोठी ठाणी होती आणि तिकिटं घेणारी माणसंही तिथेच होती.

एकूण प्रवास सुमारे 2,500 मैल, म्हणजे 4,000 किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाऊन यायचं आणि पुन्हा दिल्ली गाठायची, इतकं. ऑस्टिन ते ह्यूस्टन अंदाजे 265 किलोमीटर, ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स 560, न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज 130, बॅटन रूज ते मेम्फिस 600 च्या आसपास. दुपारी सामना, संध्याकाळी स्टेशन, रात्रभर गाडी, सकाळी नवं शहर, दुपारी पुन्हा सामना. यातला ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स टप्पा मला सगळ्यात कठीण वाटतो. सलग दोन दिवस खेळून झालेलं, आणि तिसऱ्या सामन्याआधीची रात्र गाडीत. झोपायच्या डब्याची सोय होती, म्हणून अंग टेकता तरी आलं. बाकावर बसून हाच प्रवास केला असता तर तिसऱ्या दिवशी अकरा गडी उभे करणं मुश्कील होतं.

दौऱ्याची तयारी दोन गोष्टींवरून कळते. पहिली पाण्याची. ली याने सवानीच्या झऱ्याचं पाणी दोन पिंपं भरून सोबत घेतलं. आज हे विक्षिप्त वाटेल, पण 1899 साली अनोळखी शहरातलं पाणी म्हणजे विषमज्वर नाहीतर हगवण. 21 जणांपैकी पाच-सहा जणांची पोटं बिघडली असती तर दौरा तिथेच संपला असता; मार लागून जितके गडी गेले नसते तितके पाण्याने गेले असते. दुसरी गोष्ट बुटांची. गाडी सुटल्यावर लक्षात आलं की खेळायचे बूट मागेच राहिले आहेत. तार करून ते मागच्या गाडीने मागवले आणि टेक्ससच्या सामन्याआधी ते पोहोचले, असं सांगतात. बूट ही खरोखर अडवणारी गोष्ट होती. ढकलाढकलीच्या खेळात साध्या सपाट तळाच्या बुटांनी पाय रोवता येत नाहीत, आणि रांगेतल्या सात जणांचे पाय घसरले की बाकी सगळं कौशल्य वाया. उसने बूटही चालत नाहीत, कारण नव्या बुटाने पहिल्याच दिवशी टाचेला फोड आले की पुढचे चार सामने त्याच फोडावर खेळायचे.

डब्यात अंग चोळायचं काम कॅल बरोज या ट्रेनरकडे होतं. तो कृष्णवर्णीय होता. संघ, समोरचे संघ आणि कॉलेजं सगळी फक्त गोऱ्यांची, त्या काळच्या दक्षिणेत दुसरं काही शक्यच नव्हतं. या हंगामाच्या गौरवात त्याचं नाव अनेकदा गळतं, आणि ते गळू नये. ठेचकाळलेले स्नायू, सुजलेले घोटे, फुटलेली कातडी हे सगळं रात्री चालत्या गाडीत सांभाळून दुसऱ्या दिवशी दुपारी तोच गडी उभा करायचा, हे काम कॅप्टनच्या कामापेक्षा कमी नव्हतं.

शरीराचं गणित असं आहे. झोंबाझोंबीच्या सामन्यानंतर स्नायूंचा ताठरपणा त्याच दिवशी वाढत नाही. तो दुसऱ्या दिवशी चढतो आणि साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतो. म्हणजे 9 तारखेचा ठणका 10 आणि 11 ला अंगात असणार, आणि त्यावर नवा मार. 12 ला रविवार होता. चर्चचं कॉलेज असल्यामुळे त्या दिवशी खेळायचा प्रश्नच नव्हता. तो दिवस त्यांनी लुईझियानातला उसाचा मळा पाहण्यात घालवला. ही एका दिवसाची उसंत योगायोगाने अगदी योग्य जागी पडली. पूर्ण लोळून न राहता थोडं चालणं-फिरणं झालं, हेही बरंच झालं. ताठरलेलं अंग हलकं चालल्याने लवकर मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी 34 गुण झाले, दौऱ्यातले सर्वाधिक. समोरच्या संघाची ताकद वेगवेगळी असल्यामुळे 12, 10, 23, 34, 12 या आकड्यांवरून थेट थकवा मोजता येत नाही, तरी शेवटच्या दिवशी आकडा पुन्हा 12 वर आला हे नोंदवण्यासारखं आहे.

आजचा संघ हे करू शकेल का? नाही, आणि ते आजच्या खेळाडूंचं उणेपण नाही. आज धडक होते ती दोन-तीन पावलांच्या जमावाची नव्हे, पूर्ण वेगात आलेल्या दोन जड शरीरांची. हेल्मेट आहे म्हणून डोकं पुढे घालायची सवय लागली. 1899 मध्ये वेग कमी, उघडं डोकं सांभाळायची उपजत भीती जास्त, आणि दर थोड्या वेळाने पंट. म्हणून एकेका धडकेचा मार कमी, पण ढिगाखाली चिरडण्याचा धोका फार मोठा.

हा धोका सौम्य करून सांगू नये. सवानीने हंगाम अटलांटात सुरू केला, त्याच्या दोनच वर्षं आधी, 30 ऑक्टोबर 1897 ला, त्याच शहरात जॉर्जियाचा खेळाडू रिचर्ड व्हॉन गॅमन व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यात जखमी होऊन दगावला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने फुटबॉलवर बंदीचं विधेयक मंजूर केलं. त्याच्या आईने खेळ बंद करू नका असं कळवलं आणि गव्हर्नरने विधेयकावर सही केली नाही. सवानीच्या सिम्किन्सचे गुडघे खेळात इतके दुखावले गेले की पुढच्या आयुष्यात त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. 1905 पर्यंत देशभरातले मृत्यू इतके वाढले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, आणि 1906 चे नवे नियम त्यानंतरच्या हालचालींतून आले. सहा दिवसांत पाच सामन्यांचं कौतुक करताना हेही सोबत धरावं लागतं. 21 तरुण धडधाकट परत आले, यात नशिबाचा वाटा मोठा होता.

आता ऑबर्न. दौऱ्यानंतर सहा दिवसांनी घरी कंबरलंडला 71–0, मग दहा दिवस मोकळे. अंग भरून आलेलं, संघ ताजा. आणि तरीही 30 नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या दिवशी, हा संघ हरता हरता वाचला. हाइझमन यांचा ऑबर्न संघ जमाव करून वेळ घालवत नव्हता. एक प्रयत्न संपला की समोरचे उठून रांग लावायच्या आत पुढचा प्रयत्न सुरू. गच्च बचावाचं बळ रांग जुळण्यात असतं; ती जुळायलाच वेळ दिला नाही तर वजन आणि ताकद दोन्ही निरुपयोगी होतात. आधीच्या दहा सामन्यांत कोणाला न सुचलेलं उत्तर ऑबर्नने इथे दिलं आणि सवानीवर 10 गुण केले. सवानीचे 11. दोन्हीकडे दोन-दोन पाच, फरक एका किकचा. तिरप्या कोनाच्या, गोलसर चेंडूच्या त्या हुकणाऱ्या किकांपैकी एक खांबांमधून गेली, आणि अपराजित हंगाम टिकला. पंचांच्या निर्णयांबद्दल हाइझमन यांनी नंतर वर्तमानपत्रातून तक्रारही केली.

आणि तिथून विश्रांती नाही. दोन दिवसांनी, 2 डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी सामना, 5–0. इतक्या अटीतटीच्या लढतीनंतर पुन्हा गाडी, पुन्हा मैदान, आणि पुन्हा शून्य. दौऱ्यातल्या कुठल्याही 48 तासांपेक्षा हे 48 तास मला मोठे वाटतात, कारण इथे समोरचे दोन्ही संघ तगडे होते आणि चुकायला जागा नव्हती. प्रशिक्षक बिली सूटर प्रिन्स्टनचे खेळाडू. उत्तरेकडची शिस्त त्यांनी सोबत आणली होती आणि सवानीत त्यांचं हे पहिलंच वर्ष होतं.

‘मग ते देशाचे विजेते का ठरले नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा राष्ट्रीय विजेतेपद अशी स्पर्धाच नव्हती. नंतरच्या काळात जुन्या हंगामांना विजेते नेमण्यात आले, तेव्हा 1899 साठी मुख्यतः हार्वर्डचं नाव पुढे आलं. त्या काळी खेळावर लिहिणारे आणि नियम करणारे पूर्वेकडचे होते. दक्षिणेतला निकाल त्यांच्यापर्यंत पोहोचला तरी तोलला जात नसे. सवानी आणि हार्वर्ड एकमेकांशी खेळले नाहीत, म्हणून कोण सरस हे ठरवायचा मार्ग नाही, आणि ते ठरवायचा हट्टही धरू नये. सवानी दक्षिणेत सर्वश्रेष्ठ होती, एवढं मात्र मैदानावर सिद्ध झालं.

‘समोरचे संघ कच्चे होते’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन आणि कंबरलंड कच्चे होतेच, आणि टेक्सस, एलएसयू ही नावं आज जितकी धाक घालतात तितकी तेव्हा घालत नव्हती. दक्षिणेतल्या बहुतेक कॉलेजांत हा खेळ सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं होत होती. पण सवानीही त्याच दहा वर्षांतली, आणि त्यातल्या बहुतेकांपेक्षा विद्यार्थिसंख्येने लहान. पुढे ही मोठी विद्यापीठं वाढत गेली आणि सवानी होती तेवढीच राहिली. 1932 साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन झाली तेव्हा सवानी तिची संस्थापक सदस्य होती. त्या गटातले 37 सामने खेळून एकही न जिंकता ती 1940 मध्ये बाहेर पडली.

असा एखादा जुना हंगाम स्वतः तपासायचा असेल तर आधी त्या वर्षीचं गुणांचं कोष्टक शोधा आणि प्रत्येक निकाल त्यात बसतो का ते पाहा. 1897 पर्यंत टचडाउनला 4 आणि किकला 2 गुण होते, 1898 पासून 5 आणि 1. त्यामुळे एका वर्षाच्या फरकानेही हिशेब बदलतो. मग तारखांना वार लावा. सवानीच्या बाबतीत 9 नोव्हेंबर गुरुवार येतो, 12 रविवार, 30 गुरुवार, आणि थँक्सगिव्हिंग गुरुवारीच असतो, सगळं जुळतं. एखाद्या यादीत रविवारी सामना दिसला आणि कॉलेज चर्चचं असेल तर तिथे थांबून पुन्हा तपासा. त्यानंतर दोन सामन्यांमधलं अंतर आणि त्या काळच्या गाडीला लागणारा वेळ ताडून बघा. शेवटी, गाव आणि कॉलेज एकच धरू नका. ए अँड एमचा सामना ह्यूस्टनला आणि मिसिसिपीचा मेम्फिसला झाला हे सुटलं, तर सहा दिवसांचं गणित कागदावर जुळत नाही आणि खरी घडलेली गोष्ट खोटी वाटायला लागते.